थ्रोप असं म्हणतो

६ सप्टेंबर १९९३, सोमवार

सिक्स्थ फॉर्मचं, म्हणजे युनिव्हर्सिटीआधीच्या शाळेचं, दुसरं आणि शेवटचं वर्ष सुरू. हे कुणी वाचणार नाही, त्यामुळे नम्रपणाची गरज नाही.

मी इंग्लिश लिटरेचर घेतलंय कारण मी सेन्सिटिव्ह आहे. इतिहास आणि भूगोलही घेतलेत, पण ते टाइमटेबलात बसले म्हणून.

वर्गात सातजण. लिहिण्यासारखे दोनच. लोर्ना ब्रॉडबेंट: हुशार, पण पुस्तकी. म्हणजे पुस्तकं वाचते. नवीद: आम्ही पाच वर्षांचे असल्यापासून शेजारी बसतो. मी मोठा झालो.

यंदाची कादंबरी ‘थ्रशगिल’. शंभर वर्षांपूर्वीची, सहाशे पानी. माळावर एक घर, घरात एस्थर नावाची बाई, तिचा माणूस समुद्रावर गेलाय, ती वाट बघतेय. मिस गार्साइडनी विचारलं, बाळांनो, सुट्टीत वाचून या म्हटलं होतं, कुणी वाचली? लोर्नाचा एकटीचा हात वर. मी हात वर केला नाही. मला दिखाऊपणा आवडत नाही. शिवाय वाचली नव्हती.

निश्चय: रोज वीस पानं. महिन्यात खलास. उद्यापासून, कारण सोमवारी दुकानात माल येतो.

दुकान म्हणजे बाबांचं कारपेटचं. पाटीवर ‘सग्डन अँड सन’. मी जन्मलो त्या आठवड्यातच बाबांनी ती रंगवून घेतली. मला विचारलं नव्हतं. मी युनिव्हर्सिटीत जाणार, लेखक होणार, हे पाटीला अजून कुणी सांगितलेलं नाही.

७ सप्टेंबर, मंगळवार

अकरा पानं. सगळ्या पानांवर धुकं. धुकं घाईघाईत वाचता येत नाही. वीसचा आकडा जरा मेकॅनिकल होता.

१९ सप्टेंबर, रविवार

एस्थरचा घोडा मेला. पुस्तक मिटलं. लगेच पान उलटणं बरं दिसलं नसतं.

२३ सप्टेंबर, गुरुवार

अजून दुखवट्यात.

४ ऑक्टोबर, सोमवार

कोर्सवर्क जाहीर. ‘थ्रशगिल’वर मोठा निबंध. कच्चा खर्डा या महिन्यात, पक्का मार्चमध्ये. एकूण मार्कांचा पाचवा हिस्सा त्यावर. अट अशी: स्वतःचं मत हवं, पण निदान एका समीक्षकाचं मतही हवं, आणि त्याच्याशी भांडता आलं पाहिजे.

शाळेच्या लायब्ररीत ‘थ्रशगिल’वर समीक्षेचं पुस्तक एकच. घंटा व्हायच्या आत लोर्नानं ते उचललं. म्हटलं, झालं की मला दे. ती म्हणाली, ख्रिसमसनंतर. हसून म्हणाली. ती माझ्याकडे बघून हसते, हे मी आधीच नोंदवायला हवं होतं.

नवीद म्हणाला, चिंता कशाला, समीक्षक मिळाला की वाटून घेऊ, तू डोकं घे, मी तंगड्या. असल्या माणसाबरोबर मला साहित्य शिकावं लागतंय.

१४ ऑक्टोबर, गुरुवार, संध्याकाळ

खर्डा उद्या द्यायचाय. मत आहे. समीक्षक नाही. एक परिच्छेद लिहिला. टोस्ट खाल्ला. परिच्छेद खोडला. टोस्ट.

सहा वाजता आई खिडकीत जाऊन उभी राहिली. बाबा सातला येतात. मला आठवतंय तेव्हापासून सातलाच येतात, आणि आई सहालाच उभी राहते. विचारलं, कशाला ग? ती म्हणाली, सवय रे. मोडली तर मग सहा वाजता करू काय मी?

टेबलावर परत येऊन लिहिलं: एस्थर कुणाची वाट बघत नाही. वाट बघायची सवय मोडली तर काय करायचं, याची तिला भीती आहे.

बरं वाटलं वाक्य. पण माझ्या नावावर फार बोडकं दिसत होतं. सतरा वर्षांच्या पोराला कोण विचारतो? बसमधून रोज एक बंद पडलेलं खाटकाचं दुकान दिसतं, थ्रोप नावाचं. ते घेतलं. पुढे ‘प्रोफेसर एडमंड’ लावलं. वाक्याच्या अंगावर लगेच कोट आला.

थ्रोपला कॅनडात ठेवलं. तिथे माझा मामा असतो, दरवर्षी कॅलेंडर पाठवतो, त्यामुळे तिथल्या डोंगरदऱ्यांची मला माहिती आहे. थ्रोपच्या पुस्तकाचं नाव: ‘वाट बघणाऱ्या बायका’. बाबा येईपर्यंत त्याची आणखी तीन मतं लिहून झाली. सरसर. हाताला विचार करावा लागला नाही.

ही फसवणूक नव्हे. एका मताला राहायला जागा हवी होती, ती दिली.

१८ ऑक्टोबर, सोमवार

मिसनी माझा खर्डा वर्गात मोठ्यानं वाचला. म्हणजे त्यातला थ्रोप वाचला. मग चष्मा काढून खिडकीबाहेर बघत राहिल्या. म्हणाल्या, इतकी वर्षं मी ही कादंबरी शिकवतेय, आणि हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. हा माणूस तुला कुठे सापडला रे, हॉवर्ड?

म्हटलं, मामाकडे, मिस. उन्हाळ्यात तो आला होता तेव्हा पुस्तक आणलं होतं. मी उतारे उतरवून घेतले, मामा पुस्तक घेऊन परत गेला. कुठेही अडखळलो नाही. स्वभाव सरळ असला की असं जमतं.

लोर्नानं ते वाक्य आपल्या हातानं उतरवून घेतलं. माझं वाक्य. तिच्या अक्षरात.

निबंधातल्या माझ्या स्वतःच्या मतांशेजारी मिसनी समासात लिहिलंय: ‘बरं.’

३ नोव्हेंबर, बुधवार

युनिव्हर्सिटीचे अर्ज चाललेत. त्यात शिक्षकांनी अपेक्षित ग्रेड लिहायची असते. मिस मला इंग्लिशला D मिळेल असं लिहिणार होत्या. आता B लिहिताहेत. म्हणाल्या, थ्रोपसारखा माणूस जो शोधून काढतो त्याच्यात काहीतरी असणार.

घरी सांगितलं. बाबांनी विचारलं, थ्रोप? खाटिक थ्रोपचा कोण हा? म्हटलं, कुणी नाही, हा प्रोफेसर आहे. बाबा म्हणाले, तो खाटिक काटा मारायचा हं, लेका. जपून.

‘थ्रशगिल’: पान ९४. घोडा अजून आठवतो.

१६ नोव्हेंबर, मंगळवार

थ्रोप हँडआउटवर आला. मिसनी सगळ्यांसाठी झेरॉक्स काढल्या. वर ठळक अक्षरात ‘थ्रोप असं म्हणतो’, खाली त्याची चार मतं, त्याखाली ‘तुम्हाला काय वाटतं?’

लोर्ना मधल्या सुट्टीत कॉमन रूममध्ये माझ्याशेजारी येऊन बसली. आपण होऊन. किटलीजवळची जागा सोडून. विचारलं, कसा असेल रे तो? म्हटलं, कोण? म्हणाली, थ्रोप, अजून कोण. दयेबद्दल त्यानं जे लिहिलंय ना, की थ्रशगिलच्या घरात दया सगळ्यात स्वस्त, म्हणून जो तो एकमेकाला वाटत सुटतो, ते वाचून मी माझ्या मावशीशी बोलणंच बंद केलं. असा माणूस घरी कसा वागत असेल? एकटाच राहत असेल, नाही?

म्हटलं, नाही. बायको आहे. पाच मुलं.

ती म्हणाली, बिचारी. पण डोळे वेगळंच म्हणत होते.

२५ नोव्हेंबर, गुरुवार

आज वर्गात जे झालं ते लिहून ठेवलंच पाहिजे.

नवीदनं आपला खर्डा वाचून दाखवला. त्यात थ्रोप. इथवर ठीक, हँडआउट सगळ्यांना मिळालंय. पण त्यानं वाचलं, थ्रोप असं म्हणतो की ज्या घरात सगळे दिवे लागलेले असतात, तिथे कुणीतरी काहीतरी लपवत असतं. हे हँडआउटवर नाही. हे थ्रोप कधी म्हणालेला नाही. मी शपथेवर सांगू शकतो.

मिस म्हणाल्या, वा. टिपिकल थ्रोप.

बाहेर आल्यावर नवीदला गाठलं. विचारलं, हे कुठून आणलंस? तो म्हणाला, मनानं. मिठाई उघडली की आमची अम्मी सगळे दिवे लावून बसते, आम्ही पळवू नये म्हणून. आणि पळवते तीच. म्हटलं, अरे, एका विद्वानाच्या तोंडी तू आपली वाक्यं घालतोस, लाज नाही वाटत? तो म्हणाला, गप रे, कुणाला कळतंय, तुझ्याशिवाय वाचलंय कुणी त्याला?

यावर उत्तर होतं. देता येत नव्हतं.

काळाच्या ओघात असली भेसळ होतच असते. तरी वाक्य वाईट नव्हतं याचा राग आहे.

९ डिसेंबर, गुरुवार

लोर्ना इंटरव्ह्यू देऊन आली. फार जुनी युनिव्हर्सिटी, दगडी खोली, समोर दोन पुस्तकं लिहिलेला म्हातारा. त्यानं विचारलं, समीक्षकांपैकी कुणाचा प्रभाव आहे? ती म्हणाली, थ्रोप.

माझ्या हातातला चहा कपातच राहिला.

तर तो म्हातारा मान हलवून म्हणाला, हो हो, थ्रोप. एका परिषदेत गाठ पडली होती. लिहितो बरा. बोलायला जरा कंटाळवाणा.

कंटाळवाणा!

तिला तिथे जागा मिळणार हे नक्की आहे. मला त्या म्हाताऱ्याला पत्र लिहून जाब विचारावासा वाटतोय.

१३ डिसेंबर, सोमवार

लोर्नानं गाठलं. म्हणाली, हॉवर्ड, एक सांग. थ्रोप म्हणतो की एस्थर शेवटपर्यंत घर सोडत नाही. पण शेवटच्या प्रकरणात ती घर सोडतेच ना? कुलूप लावते, किल्ली विहिरीत टाकते आणि बोटीवर चढते. मग?

मी म्हटलं, हं.

म्हणाली, मी तीनदा वाचलं. बोट आहे. बोटीला नाव आहे. तिला ओकारी होते.

मी खूप वेळ गप्प बसलो. गप्प बसण्याचा फायदा असा की समोरचा उत्तर देतो. लोर्ना हळूहळू म्हणाली, म्हणजे… गेली तरी ती गेलेली नाहीच, असं म्हणायचंय का त्याला? शरीरानं बोटीत, मनानं खिडकीत?

म्हटलं, अगदी तेच म्हणायचंय त्याला.

तिनं मिसना सांगितलं. मिस म्हणाल्या, केवढं धाडस, पुस्तकात ढळढळीत छापलेलं असताना!

निश्चय: ख्रिसमसच्या सुट्टीत ‘थ्रशगिल’ पूर्ण. बोट आहे हे मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं.

२५ डिसेंबर, शनिवार

टर्की. आज वाचन शक्य नाही.

२ जानेवारी १९९४, रविवार

उरलेली टर्की.

१० जानेवारी, सोमवार

युनिव्हर्सिटीची ऑफर आली! इंग्लिशला B, इतिहासाला B, भूगोलाला C मिळालं तर जागा पक्की. आईनं ऑफर फ्रीजला चिकटवली. बाबांनी चष्मा लावून वाचली, परत वाचली, आणि नाही मिळालं तर, असं विचारलं. म्हटलं, मिळणारच. ते म्हणाले, मिळो बाबा. पण मी पाटी खोडत नाही. रंगाचा खर्च तुझ्यावर कशाला.

विनोद करत होते. पण हसले नाहीत. गेल्या महिन्यात ते जिन्यावर कारपेट ठोकताना गुडघा धरून बसलेले मी पाहिले. त्यांना माणूस हवाय. तो मी नव्हे, हे मला इंग्लिशच्या B नंच सिद्ध करता येईल.

२७ जानेवारी, गुरुवार

संकट. मिस म्हणाल्या, आपण सगळे मिळून प्रोफेसर थ्रोपना पत्र लिहू या. तुझ्या मामाकडून पत्ता मागव. त्यांना किती बरं वाटेल, इकडे माळावरच्या या गावात सात मुलं त्यांना वाचतात!

मी म्हटलं, मिस, ते वारले.

कधी, असं मिसनी विचारलं. म्हटलं, नाताळात. मामानं फोनवर सांगितलं. नवीदनं विचारलं, कशानं? म्हटलं, गोठलेल्या तळ्यावर मासे धरत होते. बर्फ फुटला का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, नाही, वय झालं होतं. नवीद म्हणाला, मग तळं कशाला सांगितलंस?

लोर्ना उठून बाहेर गेली. परत आली तेव्हा नाक लाल होतं.

प्रश्न मिटला. मेलेला माणूस त्रास देत नाही.

७ फेब्रुवारी, सोमवार

त्रास वाढला. मिस म्हणतात, आता तर थ्रोपचं नव्यानं मूल्यमापन झालंच पाहिजे. लोर्नानं कोर्सवर्कचा विषय बदलला. आता तिचा अख्खा निबंध थ्रोपच्या विरुद्ध. म्हणाली, जिवंत होता तेव्हा मी त्याला फार मान देत होते, आता बरोबरीनं भांडता येईल.

माझ्याशी ती कधी भांडली नाही.

१४ फेब्रुवारी, सोमवार

लोर्नाला कार्ड पाठवलं. निनावी. आत एकच वाक्य, माझं स्वतःचं, तासभर बसून केलेलं. तिनं ते कॉमन रूममध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं. म्हणाली, कुणीतरी थ्रोपची नक्कल करतंय, पण बिचाऱ्याला जमली नाही.

३ मार्च, गुरुवार

मिसनी माझा जवळजवळ पक्का खर्डा परत दिला. म्हणाल्या, बाळा, यात थ्रोपच थ्रोप आहे. तू कुठे आहेस? थ्रोप काढला तर काय उरतं ते बघ, आणि ते वाढव.

घरी आल्यावर कात्री घेतली आणि थ्रोप कापून काढला. उरलं ते असं:

‘थ्रशगिल’ ही एक कादंबरी आहे. एस्थर ही तिची नायिका आहे. तिचा घोडा मरतो. यावरून असे दिसून येते की. परंतु. दुसरीकडे पाहता. घोडा हा महत्त्वाचा आहे. म्हणून थ्रोप यांचे म्हणणे योग्यच आहे.

बराच वेळ बघत बसलो. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. थ्रोप कापायचा कशाला? फक्त अवतरणचिन्हं कापायची! नाव काढायचं, वाक्यं तशीच ठेवायची. सगळी माझीच तर आहेत. जगात इतका प्रामाणिक निबंध कुणी दिला नसेल.

आईला खुशीत उचललं. ती म्हणाली, सोड मेल्या, सहा वाजलेत.

१० मार्च, गुरुवार

निबंध दिला. हलकं वाटतंय. पहिल्यांदाच सगळं माझ्या नावावर.

१४ मार्च, सोमवार

मिसनी दुपारच्या सुट्टीत बोलावलं. दार लावून घेतलं. त्यांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. म्हणाल्या, हॉवर्ड, ही चोरी आहे. तीही गेलेल्या माणसाची. मी हे असंच बोर्डाकडे पाठवलं आणि कुणाच्या लक्षात आलं, तर एकटं इंग्लिश नाही, तिन्ही विषय रद्द होतील. तुझी जागा जाईल. का केलंस असं?

मी सांगितलं. सगळं. खाटिक, कॅलेंडर, तळं. म्हटलं, मिस, थ्रोप नाहीच. कधी नव्हताच. ती वाक्यं माझी आहेत.

मिस हसल्या. वाईट हसल्या नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाल्या, चांगलं पुस्तक वाचलं की सगळ्यांना असंच वाटतं, हे मला सुचायला हवं होतं, हे माझंच आहे. मलाही वाटतं.

म्हटलं, तसं नाही, मिस. खरोखर. मी, टोस्ट खाताना.

त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. पेन दिलं. म्हणाल्या, ठीक आहे. एक लिही. एकच वाक्य. मी थांबते.

मी लिहायला बसलो. मिस सँडविच खात माझ्याकडे बघत होत्या. भिंतीवर ‘थ्रोप असं म्हणतो’ टाचलेलं होतं. बाहेर मुलं फुटबॉल खेळत होती. सुट्टी संपता संपता मी लिहिलं:

‘थ्रशगिल’ ही मानवी मनाच्या भावभावनांचे सखोल चित्रण करणारी अजरामर कलाकृती आहे.

मिसनी वाचलं. कागदाची घडी करून माझ्या खिशात ठेवली. खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, हे बघ, हे कुणाला दाखवायचं नाही. घरी जा, सगळीकडे अवतरणचिन्हं परत घाल, शेजारी नाव घाल. मार्क कमी पडतील. पण जागा वाचायची शक्यता राहील. परीक्षा आहे अजून.

फार चांगल्या आहेत मिस. मला त्यांचा भयंकर राग आलाय.

१६ मार्च, बुधवार

सोमवारी रात्रीच अवतरणचिन्हं घातली. एकेक. प्रत्येक वाक्यापुढे ‘थ्रोप असं म्हणतो’.

कोर्सवर्कला E. शेरा: ‘समीक्षकावर अति अवलंबून. विद्यार्थ्याचा स्वतःचा आवाज ऐकू येत नाही.’

लोर्नाला पैकीच्या पैकी. तिच्या निबंधाचं शेवटचं वाक्य मिसनी वाचून दाखवलं: ‘प्रोफेसर थ्रोप यांच्या बुद्धीबद्दल शंका नाही, पण अनेकदा असं वाटतं की त्यांनी कादंबरी पूर्ण वाचलेलीच नाही.’ वर्ग खो खो हसला. मीही हसलो, सगळ्यात शेवटपर्यंत.

१ एप्रिल, शुक्रवार

हिशेब सोपा आहे. कोर्सवर्क पाचवा हिस्सा. चार हिस्से अजून बाकी. परीक्षेत उत्तम केलं तर B निघतो. निश्चय: रोज चाळीस पानं. आजपासून नाही, आजच्या तारखेला सुरू केलेल्या गोष्टीवर कुणी विश्वास ठेवत नाही.

८ जून, बुधवार

उद्या पेपर. ‘थ्रशगिल’चं शेवटचं प्रकरण नीट वाचलं. कुलूप, किल्ली, विहीर, बोट, ओकारी. पाठ. सुरुवातीची ९४ पानं तर माझ्या रक्तात आहेत. आता कुठूनही विचारू देत.

९ जून, गुरुवार

मधून विचारलं.

‘पूर आल्यानंतर एस्थरच्या स्वभावात होणाऱ्या बदलांची चर्चा करा.’ पूर! नवीदला बाहेर आल्यावर विचारलं, पूर कधी आला? तो म्हणाला, चांगला दीडशे पानं चालतो की. गाई वाहून जातात. तू होतास कुठे?

मी लिहिलं की पूर हे धुक्याचंच पुढचं रूप आहे. तीन पानं लिहिलं. वेगळं आहे, धाडसी आहे. थ्रोपला आवडलं असतं. B नक्की. तपासणारा जागा असेल तर A.

१८ ऑगस्ट, गुरुवार

निकाल.

इतिहास C. भूगोल C. इंग्लिश D.

युनिव्हर्सिटीला फोन केला. शाळेच्या ऑफिसमधून, रांगेत उभं राहून. तिकडची बाई गोड आवाजात म्हणाली, सॉरी लव्ह, इंग्लिश भरलं. मी विचारलं, जरा बघा ना, एखादी. तिनं बघितल्यासारखं केलं. कागद हलवलेला ऐकू आला.

नवीदला B. कायद्याला चाललाय. म्हणाला, थ्रोपनं तारलं यार, पेपरात तीनदा घातला. कुठली वाक्यं घातली ते मी विचारलं नाही.

लोर्नाला A. तिच्या आईनं तिला सगळ्यांसमोर उचललं. नंतर ती आपण होऊन माझ्यापाशी आली. आम्ही सायकल स्टँडच्या भिंतीवर बसलो. ती पुढच्या महिन्यात जाणार, त्या ‘कंटाळवाणा’ म्हणणाऱ्या म्हाताऱ्याकडे. म्हणाली, वाईट वाटतंय रे. तू होतास म्हणून मला थ्रोप मिळाला. तो नसता तर मी भांडायला शिकलेच नसते. माझ्या A मधला अर्धा त्याचा.

मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. B गेला, जागा गेली, निदान हे एक माझ्याकडे राहू दे. म्हटलं, लोर्ना, थ्रोप मी आहे. तो सवयीचा विचार माझ्या आईचा, वाक्य माझं. दयेचंही माझं. दिव्यांचं नवीदचं आहे, ते सोड. पण बाकी मी.

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, बघतेय म्हणजे पटतंय. तिच्या आईनं गाडीचा हॉर्न वाजवला. ती भिंतीवरून उतरली. स्कर्ट झटकला.

म्हणाली, हॉवर्ड, D मिळाला तर मिळाला. पण गेलेल्या माणसाचं श्रेय ढापू नये.

घरी आलो. आई बटाटे सोलत राहिली. बाबा सातला आले, चेहरा बघितला, म्हणाले, असू दे लेका, उद्या निवांत ये, नऊला ये. स्वतः आठला उघडतात. सवलत दिली मला.

लोर्नाचा राग नाही. तिला माझी बाजू कळली नाही एवढंच. थ्रोप असता तर त्यानं नक्की माझी बाजू घेतली असती.